उठून यायला नको होतंस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, एवढं गाव मानायला तयार होतं. मंगळसूत्र, जोडवी आणि हळदीकुंकवाचा मान यावर म्हातारी मंडळी अडली, आणि तू 'सगळं नाहीतर काहीच नको' म्हणून विधवा प्रथा बंद करायच्या ठरावाच्या ग्रामसभेतून उठलीस. तुझा राग खरा आहे. पण त्या रात्री गावात कुणाचा नवरा गेला असता, तर तिच्या बांगड्या फुटल्याच असत्या ना?

हेरवाडचा दाखला तू दिलास. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं एका ठरावात या प्रथा बंद केल्या, हे खरंच. पण त्या ठरावाच्या मागे सव्वाशे वर्षांची वाट आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडला त्यांच्या घरच्यांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' काढली, आणि दोनच वर्षांत तिचं नाव 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' केलं. उत्तेजन देणं सोडून नुसते अडथळे दूर करायचे! तुझ्या वयात मला ही माघार वाटायची. पुढे 1896 मध्ये त्यांनी आश्रम काढला तो विधवांना शिकवण्यासाठी, लग्न लावून देण्यासाठी नव्हे. गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले त्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या त्या केशवपन केलेल्या डोक्यानं. केस त्यांनी 1912 मध्ये वाढवले. अशा सावधपणामुळे ज्या घरात पुनर्विवाहाचा शब्द चालत नव्हता, तिथली मुलगीही शिकायला येऊ शकली. या सावधपणाची किंमतही होती. आश्रम सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरताच राहिला, बाकीच्या बायका बाहेर. ते मला आजही खुपतं, आणि तुलाही खुपलं पाहिजे.

म्हणून तडजोड करताना कागदाकडे डोळ्यांत तेल घालून बघ. मिळतात त्या दोन गोष्टी घे, पण 'बाकीच्या प्रथा पूर्वीप्रमाणे पाळाव्यात' असं वाक्य कुणी घुसवत असेल, तर तिथं मात्र हटू नकोस. गाळलेला मुद्दा पुन्हा आणता येतो. लिहून मान्य केलेला मुद्दा आपल्याच तोंडावर मारतात. ठराव इतिवृत्तात नीट उतरला का ते पाहा, सूचक-अनुमोदकांची नावं वाच, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सहीची नक्कल घरी आण. सूचक एखादी विधवा बाईच असली तर फार बरं. तिला आधी विचार, तिच्या वतीनं ठरवू नकोस.

हळदीकुंकवाचा मुद्दा 15 ऑगस्टच्या सभेत घे. त्याआधी महिला ग्रामसभा होते, तिथं तो पहिल्यांदा मांड. पुरुष समोर नसले की बायका वेगळं बोलतात, हे मी कितीतरी गावांत पाहिलंय. आणि सभेची वाट कशाला बघायची? संक्रांतीला तुझ्याच घरी हळदीकुंकू कर, शेजारच्या काकूंना पहिलं बोलाव. त्याला कुणाचा ठराव लागत नाही.

उद्या सरपंचांकडे जा. उठून आल्याबद्दल दोन शब्द बोलावे लागले तर बोल. नक्कल हातात आली की मला कळव, मी येते.

तुझी,
ताई