बी.एस्सी. नर्सिंगनंतर व्यसनमुक्ती हा विषय शिकवायचा असेल तर काय करावं?

सायकिअॅट्रिक नर्सिंगमध्ये २ वर्षांची एम.एस्सी. करा, भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार त्यासाठी बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के, नोंदणी आणि पदवीनंतरचा १ वर्षाचा अनुभव लागतो. हा अनुभव शक्यतो डिटॉक्स वॉर्डातला (जिथे रुग्णाची दारू वा नशा देखरेखीखाली सोडवतात) घ्या. नुसत्या समुपदेशन केंद्रात विड्रॉवल (नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास) बघायलाच मिळत नाही, आणि विद्यार्थी नेमकं तेच विचारतात. डिटॉक्स वॉर्डात दारूच्या रुग्णांबाबत हे हातात बसायला हवं:

- शेवटच्या पेगची वेळ विचारणं. थरथर ६ ते २४ तासांत सुरू होते, डिलिरियमचा (तीव्र भ्रमाचा) धोका साधारण ४८ ते ७२ तासांत
- सीवा स्केलचे (CIWA-Ar, दारूच्या विड्रॉवलची तीव्रता मोजणारी मोजपट्टी) १० मुद्दे
- ग्लुकोजआधी थायमिन (जीवनसत्त्व बी१) देणं

मात्र सीवा बोलू शकणाऱ्या रुग्णासाठीच; भ्रमिष्ट रुग्णात स्कोअर फसवा येतो.