वनस्पती स्टेरॉलयुक्त पदार्थ आणि कोलेस्टेरॉलची गोळी

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे असून कोलेस्टेरॉलसाठी मी स्टॅटिन गटातील गोळी घेतो. वनस्पती स्टेरॉल मिसळलेले स्प्रेड, दूध किंवा दही नियमित घेतल्यास ही गोळी बंद करता येईल काय? घरातील सर्वांनी हे पदार्थ खाल्ले तर चालेल काय?

उत्तर : या पदार्थांच्या भरवशावर गोळी बंद करू नये. त्यांचा उपयोग मात्र खरा आहे आणि तो कसा होतो हे समजले, की त्याची मर्यादाही लक्षात येते. वनस्पतींच्या पेशीपटलात आढळणाऱ्या स्टेरॉलची रेणुरचना कोलेस्टेरॉलशी मिळतीजुळती असते. आतड्यात शोषले जाण्यापूर्वी कोलेस्टेरॉलला पित्तक्षारांच्या सूक्ष्म कणांत सामावून घेतले जावे लागते. तेथील जागा स्टेरॉल अडवतात आणि बाहेर राहिलेले कोलेस्टेरॉल मलावाटे निघून जाते. यात केवळ अन्नातलेच नव्हे, तर यकृताने पित्तातून सोडलेले कोलेस्टेरॉलही असते, आणि तेच बहुधा अधिक असते. त्यामुळे आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसलेल्यांनाही फायदा दिसतो.

रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल घेतल्यास एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, साधारण ८ ते १० टक्क्यांनी उतरते. नेहमीच्या आहारातून जेमतेम ०.३ ग्रॅमच्या आसपास स्टेरॉल मिळते, म्हणून ते मुद्दाम मिसळावे लागते; ३ ग्रॅमच्या पुढे गेल्याने विशेष लाभ होत नाही. परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसतो आणि सेवन थांबवले की ओसरतो. पित्त जेवणाबरोबर स्रवत असल्याने हे पदार्थ जेवतानाच घ्यावेत.

स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, स्टेरॉल आतड्यातील शोषण. मार्ग वेगळे असल्याने दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळवला जातो. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्यास एलडीएल आणखी सुमारे ६ टक्केच उतरते, हे पाहता ही जोड कमी लेखण्याजोगी नाही. परंतु मात्रेनुसार स्टॅटिनने एलडीएल ३० ते ५० टक्के घटते, आणि हृदयविकाराचे झटके कमी होतात हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. स्टेरॉलबाबत तसा थेट पुरावा नाही. माझ्या दृष्टीने आकड्यांतील तफावतीपेक्षा हा फरक मोठा आहे.

घरातील सर्वांना हे पदार्थ देण्याचे कारण नाही. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुलांनी ते टाळावेत. सिटोस्टेरोलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात स्टेरॉल रक्तात साचते, त्यामुळे अशा रुग्णांना ते पूर्ण वर्ज्य आहे. स्टेरॉलमुळे बीटा-कॅरोटीनचे, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते त्या घटकाचे, शोषणही थोडे घटते, तेव्हा गाजर, भोपळा, पालेभाज्या आहारात हव्यातच. स्टेरॉलयुक्त स्प्रेड नेहमीच्या लोण्याऐवजी वापरावे, त्याच्या जोडीला नव्हे. आणि सुरू करण्यापूर्वी व त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर मेदांची तपासणी, करून दोन्ही अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.