वाचकांचे प्रश्न : गुहेतला अंधार आणि हरवलेले संवाद

प्रश्न : 55 इंची फोरके टीव्हीवर फॅन्टसी सिनेमाची फोरके डिस्क लावली. गुहेतल्या प्रसंगांत काळ्याशिवाय काही दिसत नाही, उजेडाच्या दृश्यांत चेहऱ्यांवर बारीक दाणे वळवळतात. डिस्क खराब आहे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन, प्लेअर ज्या एचडीएमआय पोर्टला जोडलाय त्याचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी कलर’ पर्याय चालू करा. तो बंद असला की अनेक टीव्हींना एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारं चित्र) मिळतच नाही. मग वीज वाचवणारा मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा. एवढं करूनही गुहा काळीच राहिली, तर खिडकीचा पडदा ओढा. एचडीआरमधल्या गडद छटा अंधाऱ्या खोलीसाठीच बेतलेल्या असतात. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून त्या दिसणार नाहीत.

दाण्यांचं म्हणाल तर तो दोष नव्हे. 35 मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमाचा तो मूळ पोतच आहे. नॉइज रिडक्शन लावून तो पुसला की त्याबरोबर त्वचेची रंध्रं, कापडाची वीणही जाते आणि माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात. म्हणून नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारा पर्याय) बंद ठेवा, शार्पनेस कमीत कमी. एक मात्र लक्षात असू द्या : सन 2000 च्या आसपासच्या बऱ्याच फॅन्टसीपटांची व्हीएफएक्स (संगणकी करामतींची) दृश्यं 2केमध्येच, म्हणजे फोरकेच्या साधारण पाव पिक्सेलांत, तयार झाली. तिथे फोरके डिस्कचा खरा फायदा रंगांत आणि उजेड-अंधाराच्या छटांत दिसतो, बारकाव्यांत फारसा नाही.

प्रश्न : लढाई सुरू झाली की घर हादरतं, पण संवाद ऐकूच येत नाहीत. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही ऑप्टिकल वायरने साउंडबारला जोडलाय. – एक वाचक, खानापूर

उत्तर : अडचणीचं एक कारण ती वायर असू शकते. डिस्कवरचा ट्रूएचडीमधला (दर्जा न घटवता साठवलेल्या ध्वनीतला) अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, ऑप्टिकलमधून जात नाही, फार तर 5.1 (पाच स्पीकर आणि एक वूफर यांचा आवाज) जातो. साउंडबारला एचडीएमआय इन असेल तर प्लेअर थेट तिथे जोडा. नसेल तर टीव्ही आणि बार दोन्हीकडे ईएआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआय वायरीतून बारकडे नेणाऱ्या एआरसीची सुधारित सोय) हवं. साध्या एआरसीवर ट्रूएचडी मिळणार नाही. प्लेअरमध्ये ऑडिओ आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) करा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ (मेनूचे आवाज, भाष्य वगैरे मिसळणारा पर्याय) बंद करा. हा दुसरा पर्याय हमखास राहून जातो आणि मग बारवर अ‍ॅटमॉसचा दिवा लागत नाही म्हणून लोक दुकानात खेटे घालतात.

त्यानंतर सेंटर चॅनल (बहुतेक संवाद ज्यातून येतात तो) 2-3 डेसिबलने वाढवा. वूफर कोपऱ्यात असेल तर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, घुमणं बरंच उतरेल. शहाबादी फरशीच्या उघड्या खोलीत आवाज आपटून परततो आणि शब्द पुसट होतात. बार आणि बैठक यांच्या मध्ये जाड सतरंजी अंथरून पाहा. पैसे खर्च करण्याआधी हे करायलाच हवं. रात्री शेजारधर्म म्हणून मोठे आवाज दबवणारा ‘नाइट मोड’ आहेच.

प्रश्न : परदेशातून नातेवाईक डिस्क आणणार आहेत. इथे चालतील का? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : फोरके डिस्कला रीजनचं (ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याचं) बंधन नाही, पण तिला फोरके प्लेअरच लागतो. साध्या ब्लू-रेला बंधन असू शकतं : अमेरिका ‘ए’, ब्रिटन ‘बी’, भारत ‘सी’. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मागवणार असाल तर 2020 ची फोरके आवृत्तीच सांगा. पहिल्या भागाच्या 2011 च्या विस्तारित ब्लू-रेवर हिरवट झाक होती, ती टीव्हीच्या सेटिंगने नीट निघत नाही.