मी बनवलेल्या यंत्राचं पेटंट आधी घ्यावं, की यंत्र आधी बाजारात आणावं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात घरच्या शेडमध्ये शेंगा तोडण्याचं यंत्र तयार केलंय, दिवसा फौंड्रीत नोकरी आहे, आणि आता कळत नाही की आधी पेटंट करावं की विकायला काढावं, एखाद्या कंपनीला दाखवावं की नको, आणि "साठ हजारांत आंतरराष्ट्रीय पेटंट, गॅरंटीने" म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का. शेवटच्याचं उत्तर लगेच देतो: देऊ नका. बाकीचं मी स्वतःची फजिती करून शिकलोय, म्हणून थोडं लांबेल.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आमच्या पश्चिम भागात रताळी किती निघतात हे तुम्हाला सांगायला नको. पण मातीची रताळी धुवायला बटाट्याचं ब्रशवालं मशीन लावलं की साल खरवडून निघते, आणि साल गेलेलं रताळं ट्रकात पोचेपर्यंत काळं पडतं. मी रोलरवर ब्रशऐवजी काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली आणि रोलर स्प्रिंगवर सोडले. जाड रताळं आलं की रोलर मागे सरकायचा, बारीक आलं की पुढे. साल शाबूत, माती साफ. एवढा आनंद झाला की त्याच महिन्यात ते मशीन एका कृषी प्रदर्शनात नेलं. येईल त्याला झाकण उघडून आत दाखवलं. पोरांनी व्हिडिओ काढले, मीही यूट्यूबवर एक टाकला, वर फोन नंबर दिला.

पुढच्याच हंगामात एका फॅब्रिकेटरने तेच मशीन माझ्यापेक्षा आठ हजारांनी स्वस्त आणलं. काथ्याच्या जागी नायलॉनची दोरी, बाकी स्प्रिंगसुद्धा तीच. मी तावातावाने पेटंट एजंटकडे गेलो. त्याने शांतपणे माझाच व्हिडिओ लावला, तारीख दाखवली आणि म्हणाला, "हे तुम्हीच जगजाहीर केलंय. आता ते नवीन नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही."

आपला १९७० चा पेटंट कायदा इथे कडक आहे. अर्जाच्या तारखेआधी शोध जगात कुठेही छापला गेला किंवा लोकांपुढे आला, तर नवेपणा गेला. काही सवलती आहेत, उदाहरणार्थ सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, पण गावोगावची सगळी प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. शेतातल्या चाचणीचंही तसंच. आपल्याकडे नवीन मशीन शेतात उतरलं की निम्मं गाव बांधावर उभं, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

म्हणून क्रम असा: आधी प्रोव्हिजनल अर्ज, मग चाचणी, मग विक्री. प्रोव्हिजनल म्हणजे शोधाचं तात्पुरतं वर्णन. त्यात क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं, लिहावी लागत नाहीत. यंत्र काय करतं, कसं करतं आणि आकृत्या एवढं पुरतं. त्या दिवसाची तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. तेवढ्यात पूर्ण अर्ज दिला नाही तर प्रकरण संपलं. एक खाच इथेच आहे: प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून मोघम चार ओळी देऊ नका, सुचलेले सगळे पर्याय त्यात ओता. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, तिचे ४,०००, आणि ती आता ३१ महिन्यांच्या आत करायची असते. केली नाही तर अर्ज नुसता पडून राहतो आणि मुदत संपली की बाद होतो. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी भरत राहायची.

अर्ज कुठे, हेही गमतीचं आहे. आपण कर्नाटकात, म्हणून आपलं पेटंट ऑफिस चेन्नई. माझा मावसभाऊ चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात, त्याचं मुंबई. सीमाप्रश्न इथेही सुटलेला नाही! अर्ज मराठीत चालत नाही आणि कन्नडमध्येही नाही, फक्त हिंदी किंवा इंग्रजी, त्यामुळे या बाबतीत तरी दोन्हीकडचे सारखेच वैतागतात. आता सगळं ऑनलाइन असतं, सुनावणीही व्हिडिओवर होते, म्हणून चेन्नईची गाडी पकडायची गरज पडत नाही.

क्लेमवर मात्र एजंटचे पैसे वाचवू नका. माझं दुसरं यंत्र रताळ्याचे वेल कापायचं, पॉवर टिलरला जोडायचं. वेल कापताना शाफ्टला गुंडाळला जातो आणि दर दहा मिनिटांनी विळा घेऊन सोडवत बसावं लागतं. मी शाफ्टवर एक मोकळी फिरणारी नळी चढवली. वेल नळीला लागला की नळी थांबते, शाफ्ट आत फिरत राहतो. मी स्वतः क्लेम लिहिला होता: "४० मिलीमीटर व्यासाची जीआय पाईपची नळी". एजंट हसला. म्हणाला, समोरचा ४५ची घेईल किंवा प्लास्टिकची घेईल, मग काय करणार? काथ्या आणि नायलॉन मला लगेच आठवले. त्याने जीआय काढलं, ४० काढलं, आणि नळी काय काम करते त्यावरून वाक्य बांधलं. चाळीसचा आकडा खाली, दुसऱ्या क्लेममध्ये, आधारापुरता ठेवला.

पण त्याआधी त्याने मला असं कुणी आधीच केलंय का हे आठ दिवस शोधायला बसवलं होतं. जुनी पेटंटं शोधायला पेटंट ऑफिसच्या साइटवरचं इनपास आणि गूगल पेटंट्स, दोन्ही फुकट. तिसऱ्या दिवशी कळलं की शाफ्टवर मोकळी नळी ही कल्पना परदेशात कधीच होऊन गेलीय, तीही गवत कापणाऱ्या यंत्रांत. पोटात गोळा आला. शेवटी माझं म्हणून काय उरलं? नळी दोन अर्ध्या फाकांची होती, शाफ्ट न काढता रानातच बदलता यायची, आणि फाकांच्या सांध्यावरच पातं बसवलेलं होतं. अर्ज तेवढ्यावर केला. तुमच्याही बाबतीत असं होणार हे धरून चाला. शेंगा तोडण्याची यंत्रं आधीच आहेत. तुमचा शोध म्हणजे पूर्ण यंत्र नव्हे, त्यातली ती एखादी जागा जिथे तुम्ही इतरांपेक्षा वेगळं केलंय. ती जागा शोधायला आठ दिवस द्या. दोन जुनी उपकरणं नुसती शेजारी बसवली आणि दोघं आपापलं काम करत राहिली, तर कलम ३ प्रमाणे तो शोधच धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

नोकरीचं विसरू नका. फौंड्रीचं नेमणूकपत्र काढून वाचा. कर्मचाऱ्याच्या शोधाचा मालक कोण हे आपला पेटंट कायदा ठरवून देत नाही, करारात काय लिहिलंय त्यावर जातं. कंपनीच्या लेथवर, कंपनीच्या वेळेत काही केलं असेल तर आधीच वकिलाला दाखवा.

सुटे भाग बनवून घेताना मी आता सगळं काम एका शेडमध्ये देत नाही. लेझर कटिंग एकीकडे, टर्निंग दुसरीकडे, जोडणी माझ्याकडे. उद्यमबागेत कुणाचं ड्रॉइंग कुणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही. गोपनीयतेचा करार जरूर करा, पण अर्जाची तारीख हातात असणं त्याहून बरं.

कंपनीकडे जायचं तर अर्ज केल्यावरच जा, आणि कागदावर "असाइनमेंट" लिहिलंय की "लायसन्स" ते बघा. पहिलं म्हणजे शेत विकणं, दुसरं म्हणजे खंडाने देणं. दोन्ही लेखीच लागतात, तोंडी बोलण्याला कायद्यात किंमत नाही. लायसन्समध्ये दर यंत्रामागे रॉयल्टी असतेच, पण वर्षाला किमान एवढे पैसे मिळतीलच हे कलम घालून घ्या. नाहीतर कंपनी तुमचा शोध कपाटात ठेवून स्वतःचं जुनं मॉडेल विकत बसते. अर्ज प्रलंबित असताना "पेटंटेड" लिहू नका, त्यावर दंड बसतो. "पेटंट पेंडिंग" चालतं. आणि हेही खरं की पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर कोर्टात दावा लावता येत नाही.

एक कटू गोष्ट. नक्कल होण्याआधी माल खपावा तर लागतो! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन विषारी होते. नांगर चांगला असून पडून राहिला. माझं वेल कापायचं यंत्रही पहिल्या वर्षी तीनच गेलं, आणि तीही ओळखीत, हंगामभर फुकट वापरायला देऊन. खरी विक्री सुरू झाली ती पाती दुसऱ्या दिवशी घरपोच द्यायला लागलो तेव्हा. नक्कल करणारा पाती देत नव्हता. नावाचा ट्रेडमार्क मी तेव्हाच नोंदवला, व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये. आकारच वेगळा असेल तर डिझाइन नोंदणीही स्वस्तात होते, पण ती फक्त दिसण्याची, आतल्या युक्तीची नाही.

आता त्या साठ हजारवाल्याबद्दल. जगभर चालणारं एक पेटंट नावाची वस्तूच नाही. पीसीटी हा अनेक देशांसाठी मिळून एकदाच करायचा नुसता अर्ज असतो, पेटंट शेवटी प्रत्येक देशात वेगळं घ्यावं लागतं. मंजुरी देणं तपासनिसाच्या हातात, त्यामुळे गॅरंटी देणारा एक तर अडाणी किंवा ठग. एजंट नोंदणीकृत आहे का हे पेटंट ऑफिसच्या साइटवरच्या यादीत बघता येतं. पैसेच नसतील तर गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला लिहा. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाखालची ही संस्था २००० साली सुरू झाली, तुमच्याआमच्यासारख्या विनापदवी लोकांच्या शोधांसाठीच, आणि पसंत पडलेल्या शोधांच्या पेटंट अर्जालाही मदत करते.

तुमच्या प्रश्नात यंत्र कसं चालतं ते लिहिलेलं नाही, फार बरं केलंत. माझ्या या उत्तराखालीही लिहू नका, कुणी कितीही गोड विचारलं तरी. अर्जाचा नंबर आला की मग सांगा, मी खानापूरला बघायलाच येतो.