गुडघ्यातलं सिमेंट आणि गवंडीकाका

गुडघ्याचा सांधा बदललेली माणसं दुखण्याबद्दल मोकळेपणी बोलतात. "आतलं सिमेंट सुटणार तर नाही ना?" हा प्रश्न मात्र निघता निघता, दारात उभं राहून विचारतात. (नवा सांधा हाडात पक्का बसवायला हे सिमेंट वापरतात.) एका काकूंनी तर तोही विचारला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

काकू सातारा जिल्ह्यातल्या, वय ६७. ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या चालल्याही. घरी गेल्यावर मात्र चालणं बंद. टाके काढायला आल्या तेव्हा त्या पायाची नुसती बोटं टेकवत होत्या आणि सगळा भार मनगटांवर. फिजिओथेरपिस्टने त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"घाबरू नका" हे वाक्य मी कटाक्षाने टाळते. त्याने भीती जात नाही, माणूस ती बोलून दाखवायचा थांबतो एवढंच. म्हणून घरी दिवस कसा जातो ते विचारलं. गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहायचं, संडासपुरतं उठायचं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय, पाय टेकायचा न्हाई."

'हे' बाहेर बाकावर बसले होते. आत बोलावलं. काकांचं आयुष्य गवंडीकामात गेलेलं.

"ताई, दिवसच्या दिवस पाणी मारल्याबिगर आम्ही स्लॅबखालचं सेंट्रिंग काढू देत न्हाई. हितं दुसऱ्या दिवशी हिला चालवली. आतलं वलं असंल न्हवं?"

त्यांच्या हिशोबाने प्रश्न बिनतोड होता. त्यात भर म्हणजे शेजारच्या आळीतल्या एका बाईंचा सांधा दोन वर्षांत पुन्हा उघडावा लागला होता आणि 'सिमेंट कच्चं राहिलं' ही गोष्ट गावभर झाली होती.

भार किती द्यायचा हा निर्णय सर्जनचा, माझा नाही. म्हणून आधी त्यांना विचारून घेतलं. एक्स-रे उत्तम होता, पूर्ण भार चालणार होता. मग बसलो समजावून घ्यायला.

हाडाचं सिमेंट म्हणजे एक ॲक्रिलिक, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट; दातांच्या कवळीत वापरतात त्याच कुळातलं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६०च्या आसपास ते खुब्याच्या सांध्यासाठी रूढ केलं, पुढे गुडघ्यातही आलं. भुकटी आणि द्रव थिएटरमध्येच कालवतात. लगदा गरम होत होत दहा-पंधरा मिनिटांत कडक होतो. त्याला ना पाणी मारावं लागतं, ना दिवस मोजावे लागतात. वरचे टाके पडायच्या आतच ते पक्कं झालेलं असतं. शिवाय ते डिंकासारखं चिकटत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि तिथेच अडकून घट्ट होतं.

"म्हंजे दगडाच्या दर्जा भरल्यागत," काका म्हणाले. दर्जा म्हणजे दगडांमधल्या फटी. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

सर्जन उरलेल्या सिमेंटची गोळी बाजूला ठेवतात, कितपत कडक झालंय ते पाहायला. तशी एक पांढरट गोळी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. काकांनी ती नखाने खरवडली, टेबलावर आपटली, कान जवळ नेऊन पुन्हा आपटली. "हे पंधरा मिन्टात?" असं विचारून त्यांनी ती काकूंच्या हातात दिली. घरात ज्याचा शब्द चालतो त्याची खात्री पटल्याशिवाय रुग्णाची पटत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

सांधा कधीच सैल होत नाही, असं मात्र मी सांगितलं नाही. होतो, पण बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी. कृत्रिम सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या झिजेचे कण भोवतालचं हाड पोखरतात, हे त्याचं एक कारण. लवकर उघडावं लागलं तर जंतुसंसर्गाचा संशय आधी घेतात. शेजारणीच्या बाबतीत काय झालं होतं, याचा अंदाज बांधायचं मी टाळलं. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ८२ पूर्ण बदललेले गुडघे २५ वर्षं टिकतात. काकूंनी मनात वय मोजलं आणि हसल्या.

चालताना येणारा टक् आवाज, जखमेच्या बाहेरच्या अंगाची बधिरता, काही महिने राहणारी सूज यांना भ्यायचं कारण नाही. जखम पाझरली, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चांगला चालणारा गुडघा पुढे कधी पहिलं पाऊल टाकतानाच दुखू लागला, तर एक्स-रे काढून घ्यायचा. त्यांचं खरं नुकसान पडून राहण्याने होत होतं: मांडीचा स्नायू सुकत होता, उशीमुळे गुडघा वाकलेलाच राहत होता आणि रक्ताच्या गाठीचा धोका वेगळाच. उशी त्याच दिवशी बंद केली.

पुढच्या भेटीत मुलगा विचारू लागला, दुसऱ्या गुडघ्याला बिनसिमेंटचा सांधा घेऊ का? त्या सांध्याच्या खरखरीत पृष्ठभागात हाड वाढून तो धरतो. त्याला काही आठवडे ते महिने लागतात आणि हाड चांगलं लागतं. काकूंचं हाड ठिसूळ, म्हणून सर्जननी सिमेंट निवडलं होतं.

"बघ, टाइम त्यालाच लागतो," काका मुलाला म्हणाले.

काकू आता काठीवर चालतात. दुसऱ्या गुडघ्याचं अजून ठरलेलं नाही. घरात वाद चालू आहे तो बसक्या चुलीऐवजी उभा ओटा घालायचा की नाही यावर. काका घालायचा म्हणतात, मीही त्यांच्याच बाजूची आहे.