कधी न भेटलेल्या कलावंताच्या जाण्याचं दुःख खरं असतं का?

तुम्ही लिहिलंय की उस्ताद झाकीर हुसेन गेले तेव्हा दोन दिवस तुमचं कशातच लक्ष लागलं नाही. घरच्यांनी विचारलं, "तू त्यांना ओळखत होतास का?" ऑफिसात कुणी म्हणालं, "हे सगळं स्टेटसपुरतं असतं." म्हणून तुम्हाला प्रश्न पडलाय की असं दुःख खरं असतं का, आणि असलं तर त्याचं करायचं काय.

खरं असतं. मी मूळचा मिरजेचा, गाण्याबजावण्याच्या वातावरणात वाढलेला, आणि याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ओळखीचंच म्हणाल तर गदगच्या एका मुलाची गोष्ट बघा. अकरा वर्षांचा असताना त्याने दुकानात वाजणारी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातल्या ठुमरीची तबकडी ऐकली. खाँसाहेब त्याच्या ना नात्याचे, ना गावचे. पण असं गाणं आपल्याला आलंच पाहिजे, एवढ्यासाठी तो १९३३ साली घर सोडून निघाला आणि गुरूच्या शोधात ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत हिंडला. त्या मुलाचं नाव भीमसेन जोशी. तबकडीतला आवाज एखाद्याला घराबाहेर काढू शकतो, तर तो आवाज थांबल्यावर एखाद्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, यात नवल कसलं?

मानसशास्त्रातही हा विषय नवा नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय की रेडिओ आणि टेलिव्हिजनवरच्या माणसांशी प्रेक्षकाचं एक एकतर्फी नातं तयार होतं. ते नातं एकतर्फी असतं हे मला मान्य आहे. झाकीरभाईंना तुमचं नाव ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या तबल्यासोबत तुम्ही घालवलेले तास तुमच्याच आयुष्यातले होते. महाराष्ट्रात कितीतरी घरांची सकाळ भीमसेनांच्या अभंगांनी व्हायची. चहा टाकताना, मुलांचे डबे भरताना, आजी देवपूजा करत असताना तो आवाज घरात असायचा. सख्ख्या काकाशी वर्षातून दोनदा बोलणं होतं आणि हा आवाज मात्र रोज कानावर पडतो. मग जास्त सवय कुणाची होणार?

आता स्टेटसबद्दल. श्रद्धांजलीचं स्टेटस ठेवणाऱ्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझा आक्षेप घाईला आहे, आणि तो साधासुधा नाही. १५ डिसेंबर २०२४, रविवार. रात्री झाकीरभाई गेल्याची बातमी सगळीकडे फिरू लागली, श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्या वेळी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात होते आणि घरच्यांना सांगावं लागलं की ते अजून आहेत, प्रकृती गंभीर आहे, प्रार्थना करा. सोमवारी सकाळी कुटुंबाकडून अधिकृत निवेदन आलं. फुप्फुसांच्या आजाराने वयाच्या ७३व्या वर्षी ते गेले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतले होते. विक्रम गोखल्यांच्या वेळीही हेच झालं. २३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली, दुसऱ्या दिवशी कुटुंबीयांनी खुलासा केला की ते हयात आहेत, उपचार सुरू आहेत. ते गेले २६ नोव्हेंबरला.

या दोन बातम्यांच्या मधल्या वेळात त्या घरात काय चाललं असेल, याचा विचार केला की माझ्या पोटात खड्डा पडतो. आत माणूस श्वासासाठी झगडतोय आणि बाहेर घरच्यांचे फोन "फार वाईट झालं हो" म्हणायला वाजतायत. म्हणून माझ्यापुरता नियम ठरलेला आहे. घरच्यांनी किंवा रुग्णालयाने सांगितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, पुढे पाठवायचं नाही, ग्रुपवर कुणी टाकलं तर "दुजोरा आहे का?" एवढंच विचारायचं. सकाळी लिहिल्याने आपलं प्रेम कमी ठरत नाही.

घाईहून वाईट गोष्ट मी लतादीदींच्या वेळी बघितली. ६ फेब्रुवारी २०२२ला सकाळी त्या ब्रीच कँडीत गेल्या, संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तिथे शाहरुख खान आला, दोन्ही हात पसरून त्याने दुवा मागितली, मग मास्क खाली करून, दुवा त्यांच्यापर्यंत पोचावी म्हणून, रीतीप्रमाणे फुंकर घातली. काही लोकांनी त्यावर 'थुंकला' असा बोभाटा केला. ज्या बाईने भजनं गायली, नात म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं गायली, इतक्या भाषांतून गायली, तिच्या चितेपाशी उभं राहून लोकांना हे सुचावं! मला त्या दिवशी दीदी गेल्याच्या दुःखाइतकाच याचा संताप आला होता. दुवा म्हणजे काय, फुंकर का घालतात, हे मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एखाद्याची शोक करण्याची रीत आपल्या ओळखीची नसेल तर शांतपणे बघावं, नाहीतर शेजाऱ्याला विचारावं.

'त्याचं करायचं काय' हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या गाणाऱ्यांनी त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय.

२७ ऑक्टोबर १९३७. अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले, गाता गाता गेले. दरबारी रागाचे सूर लावले होते असं सांगतात. त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते. गाणारे तिला मैफल म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. लहानपणी मी तिथे सतरंजीच्या कडेला बसायचो. गायक आधी मजारीपाशी जाऊन डोकं टेकवायचा, मग येऊन तंबोरे जुळवायचा. माझ्या शेजारी फुलं विकणारे, भाविक, तंतुवाद्यं बनवणारे कारागीर, असे सगळे बसलेले असत. त्यांतल्या बहुतेकांनी खाँसाहेबांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आणि तरी सभा खाँसाहेबांचीच होती.

खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली गेले. त्यांचे शिष्य भीमसेन. गुरू गेल्यावर त्यांनी काय केलं? १९५३ साली पुण्यात गुरूच्या पुण्यतिथीला गाणं ठेवलं. पुढे ते रात्र रात्र चालू लागलं, हजारो लोक घोंगड्या आणि थर्मास घेऊन येऊ लागले. २४ जानेवारी २०११ला भीमसेन गेल्यावर त्याच महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. तबकडीवाल्या खाँसाहेबांपासून ते इथपर्यंत, एकेका जाण्याचं गाणं झालेलं आहे.

या सवाई गंधर्व महोत्सवाला, म्हणजे सगळे म्हणतात तसं 'सवाई'ला, तुम्ही कधी शेवटपर्यंत थांबलायत का? भैरवी होते, टाळ्या होतात, आणि मग सवाई गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. तबकडीची खरखर, तिच्यातून येणारा तो आवाज, मांडवात इतकी माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. गाणाऱ्याला जाऊन सत्तर वर्षं उलटलीत. ज्यांना 'अनोळखी माणसाचं कसलं दुःख' असं वाटतं, त्यांना मी एकदा तिथे नेऊन बसवेन.

झाकीरभाईंनी स्वतःही हेच केलं. त्यांचे वडील आणि गुरू उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २०००ला गेले. त्यानंतर दरवर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत षण्मुखानंदला पहाटेपासून रात्रीपर्यंत अब्बाजींची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची संगीत सभा, होऊ लागली. जगभरचे वादक येत आणि झाकीरभाई स्वतः वाजवत. आणि १० मे २०२२ला पंडित शिवकुमार शर्मा गेले तेव्हाचा तो फोटो तुम्ही बघितला असेलच. दुसऱ्या दिवशी झाकीरभाईंनी पार्थिवाला खांदा दिला आणि नंतर चितेपाशी एकटेच उभे राहिले. संतूर आणि तबल्याची इतक्या वर्षांची सोबत होती ती. ते स्वतः गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या दफनाच्या वेळी शिवमणी आणि इतर वादकांनी ढोल वाजवून निरोप दिला.

तेव्हा माझं उत्तर असं की, त्या दिवशी ऐका. तीस सेकंदांचे तुकडे ऐकू नका, एक अख्खं वादन ऐका. फोन उलटा ठेवा. झाकीरभाईंच्या मैफलीत तबल्यातूनच शिवाचा डमरू आणि शंख यायचा, रेल्वेगाडी यायची, लोक हसून दाद द्यायचे. ते जरूर ऐका, पण त्याच्याआधीचा अर्धा तास, पेशकार, म्हणजे तबलावादनाची सुरुवातीची मांडणी, संथपणे उलगडत जातो तोही ऐका. रडू आलं तर येऊ द्या.

हसू आलं तरी येऊ द्या. १६ डिसेंबर २००४ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले, अवघे पन्नास वर्षांचे. त्या आठवड्यात आम्ही भावंडं त्यांचा एक सिनेमा बघत होतो आणि हसत होतो, तर मावशी आतून ओरडली, "माणूस गेलाय आणि तुम्ही दात काढताय?" मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर माणसं हसवली, त्याच्या आठवणीत हसणं हा त्याचा मानच आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवतो. कलावंताने स्वतःचं आयुष्य संपवलं असेल तर जास्त जपून वागावं लागतं. २०२० साली सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी महिनोन्महिने जे चालवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स यांनी आयुष्य संपवल्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त होतं, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून 'कसं केलं' याचे तपशील लिहू नका, फोटो पाठवू नका. आणि अशा बातमीनंतर तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला स्वतःबद्दल तसले विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.

आणखी एक सांगायचंय, ते जिवंत असलेल्यांबद्दल. जानेवारी २०२४मध्ये ९ तारखेला उस्ताद राशीद खान गेले, पंचावन्नाव्या वर्षी. चारच दिवसांनी, १३ तारखेला, डॉ. प्रभा अत्रे गेल्या. वय ९१, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. भीमसेनांनंतर बरीच वर्षं सवाईची सांगता त्यांच्याच गाण्याने होत असे. त्या आठवड्यात मला कितीतरी जणांनी कळवलं, "प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच गेलं." पुण्या-मुंबईत राहणारी माणसं होती ही, आणि प्रभाताई तर पुण्यातच राहत होत्या. ही हळहळ मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती टाळता आली असती. तुमच्या गावात या महिन्यात कोण गातंय, कोण वाजवतंय ते बघा. तिकीट शंभर-दोनशेचं असेल, पुष्कळदा नसतंही.

राहता राहिले तुमच्या घरचे. त्यांच्याशी वाद घालू नका. येत्या ३ फेब्रुवारीला संध्याकाळी अल्लारखाँ आणि झाकीरभाई या बापलेकांचं एकत्र वादन लावा आणि त्यांना शेजारी बसवा. तीनतालातलं, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातलं निवडा. आधी सारंगीवर किंवा पेटीवर जो लहरा, म्हणजे जी धून, पुन्हा पुन्हा येतेय ती गुणगुणून दाखवा, मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की हाताने टाळी द्या. तालाच्या दोन-तीन फेऱ्यांत त्यांनाही सम सापडेल.