ऐरोलीत ग्रिलमधल्या कुंड्यांतून संडे स्कूलच्या मुलांना दातृत्व कसं शिकवता येईल?

भेंडी लावा आणि पहिला तोडा वाटायचा, हे बी पेरतानाच ठरवून टाका. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायला सांगितलंय. बायबलमधलंच ‘लेवीय’ हे पुस्तक (19:9-10) तर शेताच्या कडा कापूच नका म्हणतं, त्या गरिबांच्या आणि उपऱ्यांच्या. म्हणजे वाटा आधीच काढलेला. भेंडीच का, तर दिवसाआड तोडली नाही की जून होते आणि झाड नवीन धरायचं कमी करतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. (जून झालेली शेजारच्या काकूंना देणं यात धरू नका!) फक्त ‘दिलं की देव दुप्पट देतो’ असं शिकवू नका. 2 करिंथ 9 मधलं (म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं) पेरणी-कापणीचं बोलणं यरुशलेमच्या गरजूंसाठीच्या वर्गणीबद्दल आहे, आणि बळजबरीने देऊ नये हेही पौलाने तिथेच लिहिलंय.